शेजारचा पेपर

बायको गेल्याला आता काही महिने झाले. तिची पुस्तकं तिच्या शाळेला द्यायची असं ठरलं आहे, म्हणजे मीच ठरवलं, कारण विचारायला आता घरात दुसरं कोणी नाही. शाळेत पुस्तक जायचं तर त्याला कव्हर हवं, हा तिचाच नियम. म्हणून गेले काही रविवार मी समोरच्या खोलीत सतरंजी टाकून खाकी कागद आणि कात्री घेऊन बसतो. एका बैठकीत फार थोडी होतात. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला पुस्तक न उघडता कव्हर घालणं जमत नाही, आणि तिच्या पुस्तकांत तर जागोजागी तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

मागच्या रविवारी तिची एक जुनी विद्यार्थिनी मदतीला आली. तिच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण आधी माझ्या आणि बायकोच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. नाहीतर त्या मुलीनं शाळेत जे केलं त्याचा अर्थ लागणार नाही. शाळेलाही तो लागला नव्हता.

मी महाल या जुन्या वस्तीतला. आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात कारकुनीसाठी इकडे आले, आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक पुरुष कुठल्या ना कुठल्या कचेरीत कागदच हाताळत आला. आमच्या घरी अभ्यासाला बसलेल्या मुलाला कोणी हाक मारत नसे. पाण्याचा पेलासुद्धा आवाज न करता शेजारी ठेवला जाई. वडील एवढंच सांगत, आपलं आपण करावं, इकडेतिकडे बघू नये. लिहिताना डावा हात वहीभोवती कुंपणासारखा धरायची सवय मला कधी लागली ते आठवत नाही. शाळेत गेलो तर तिथेही तेच. मास्तर माझ्याकडे बोट दाखवून इतरांना म्हणायचे, असं बसावं. शाळेला जे हवं होतं ते मी घरूनच घेऊन गेलो होतो. कितीतरी वर्षं मी त्याला माझी हुशारी समजत होतो.

बायको विणकरांच्या घरातली. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या माहेरी राहायला गेलो तेव्हा तिथे एक हातमाग अजून चालू होता आणि सांधणी चालली होती. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की त्याची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला पीळ देऊन जोडतात. केसासारखे बारीक धागे, शेकड्यांनी. बोटांना राख लावून घरातली माणसं ओळीनं बसली होती, ज्याच्या त्याच्या पुढ्यात ज्याचा त्याचा भाग. मीही हौसेनं बसलो. माझ्या मेहुणीला फारच गंमत वाटत होती.

"भाऊजी, पुस्तकाचं पान उलटवून राहिले काय? पीळ द्या न जी, पीळ!"

"देतोय."

"देऊन राहिले म्हणे! धागा झोपून गेला तुमच्या बोटात."

सासूबाईंचा भाग सगळ्यांच्या आधी संपला. त्यांनी हात झटकले, बसल्या जागेवरून माझ्याकडे सरकल्या आणि माझ्या पुढ्यातले धागे दुसऱ्या टोकाकडून जोडायला लागल्या. मी ओशाळलो. राहू द्या, मी करतो, असं म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोललो. नंतर बायकोला विचारलं, "माझं काम इतकं वाईट होतं का?"

ती हसली. "वाईट होतंच. पण त्याच्यासाठी नाही आली ती. तिचं झालं होतं न."

"म्हणून काय?"

"अहो, एक टोक सुटं राहिलं तरी माग चालत नाही. तिचं झालं आणि तुमचं राहिलं, तर झालं काय मग?"

मला ती तेव्हा एक घरगुती रीत वाटली. पुढे त्या मुलीच्या निमित्तानं मी त्या रीतीकडे पुन्हा पाहिलं.

बायको हुडकेश्वरच्या एका शाळेत गणित शिकवायची. आजूबाजूला नवी घरं भराभर उठत होती. त्यामुळे वर्गात बंगल्यांतली मुलंही असत आणि भाड्याच्या एका खोलीत राहणारीही. तुकड्या दोन. 'अ' मध्ये गेलेल्यांना शिष्यवृत्तीचे जादा तास, प्रयोगशाळा, जुने शिक्षक. 'ब' मध्ये कधी शिक्षक असे, कधी नसे. कोणी मुद्दाम वाटणी केली होती असं नाही. पण 'अ' मध्ये बहुतेक तीच मुलं जमत ज्यांच्या घरी माझ्यासारखा पाण्याचा पेला आवाज न करता ठेवला जात असेल. सातवीत एक मुलगी मात्र तशी नव्हती आणि तरी 'अ' मध्ये होती. तिचे आजोबा विणकर, वडील गांधीबागच्या एका कापडाच्या दुकानात गाठोडी उचलणारे. गणितात तिच्यापुढे कोणी नव्हतं.

सहामाहीत गणिताच्या पेपराला तिनं आपला पेपर लवकर संपवला. मग शेजारच्या मुलीची उत्तरपत्रिका सरळ आपल्याकडे ओढली आणि तिची राहिलेली गणितं सोडवायला लागली. लपवाछपवी काही नाही. पर्यवेक्षक शिक्षक जवळ येऊन उभे राहिले तरी तिनं मान वर केली नाही. ते नंतर म्हणाले, मलाच क्षणभर वाटलं की माझं काहीतरी चुकतंय.

शिक्षकांच्या खोलीत यावर बराच हशा झाला. कोणी म्हणालं, "आजवर पोरं चोरी करताना धरली, दान करताना पहिल्यांदाच धरली." कोणी म्हणालं, शेजारची डॉक्टरांची मुलगी, तिच्या डब्यातल्या खाऊसाठी केलं असेल. मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, हसल्या नाहीत. त्या सरळ बाई होत्या. कॉपी ती कॉपी, मुलीला 'ब' मध्ये पाठवायचं, असं त्यांनी सांगितलं.

बायकोनं मुलीला बाजूला घेऊन विचारलं. मग घरी येऊन चहा पुढ्यात तसाच ठेवून मला जसंच्या तसं सांगितलं.

"काहून केलं वं असं?"

"माह्यं झालं होतं न, मॅडम."

"झालं तर बसायचं गप."

"तिचं होऊन नव्हतं राहिलं. मंग मी नुसती कशी बसू?"

बायको मला म्हणाली, "अहो, ही तर माझी आई." आणि तिचे डोळे भरून आले. मी कितीतरी पुस्तकं वाचली आहेत, पण 'मंग मी नुसती कशी बसू' या वाक्यासमोर त्या संध्याकाळी जसा थक्क झालो तसा फार थोड्या वेळा झालो असेन.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुलीच्या घरी गेलो. खोलीत माग नव्हता. तो केव्हाच विकला गेला होता. आजी, आई आणि काकू दुकानातून आणलेल्या ओढण्यांना गोंडे बांधत बसल्या होत्या. आम्ही बसलो तेवढ्यात काकूची ओढणी संपली. तिनं आजीच्या मांडीवरच्या ओढणीचं दुसरं टोक उचललं आणि बोलता बोलता बांधायला लागली. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

आजीनं विचारलं, "मॅडम, आमच्या पोरीनं चोरी केली म्हणतात. काय चोरलं बापा तिनं?"

"चोरलं नाही, आजी. दुसरीला करून दिलं."

"मंग?"

मुलीची आई हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, 'ब' मध्ये टाकून राहिले म्हणे. तिथी गेली तं झालं मंग तिचं शिक्षण." मुलगी दाराशी उभी होती. ती जमिनीकडे पाहत होती.

बायको मोठ्या मॅडमशी बोलली. काय बोलली ते तिनं मला पूर्ण सांगितलं नाही. मॅडमनी एक संधी दिली. चाचणी परीक्षेला तीच शेजारीण, तोच बाक. मुलगी आपल्या पेपरापुरती राहिली तर 'अ', नाहीतर 'ब'.

म्हणून रविवारी आमच्या घरी तालीम सुरू झाली. तिला नुसतं बसायला शिकवायचं होतं. शेजारणीच्या जागी मी. बायकोनं आम्हा दोघांना सारखीच गणितं घालून दिली. मला संथपणाचं सोंग आणावं लागलं नाही. मी खरंच संथ आहे. मुलीचं झालं की तिची नजर माझ्या कागदावर यायची.

"काका, तिथी हातचा राहिला."

"तोंड बंद," बायको म्हणायची.

"पण मॅडम, काका चुकून राहिले न!"

"चुकू दे त्यांना."

"नापास होतील न जी ते!"

बायकोला हसू आवरेना. मग मुलगीही हसायची. पण हसता हसता तिचा हात माझ्या कागदापर्यंत आलेला असायचा. तो तिला न विचारता यायचा. तो तिच्या आजीचा, पणजीचा हात होता. मी डावा हात कागदाभोवती धरला तर ती गोंधळून विचारायची, "काका, हे काहून झाकून राहिले?" शेवटी बायकोनं उपाय काढला. पेपर झाला की तो पालथा घालायचा आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. मुलीनं ते करून दाखवलं. तशी बसलेली ती मला एकदम शाळेतल्या कुठल्याही मुलीसारखी दिसली.

चाचणीच्या दिवशी बायको वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी होती. मुलीचा पेपर लवकर झाला. तिनं तो पालथा घातला, हात मांडीखाली घेतले. शेजारच्या मुलीचं अडलं होतं. ती रबरानं खोडत होती, नाक ओढत होती. आमची मुलगी वर पंख्याकडे पाहत राहिली. घंटा होईपर्यंत ती तशीच पाहत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते.

ती 'अ' मध्येच राहिली.

बायको घरी आली आणि चप्पल न काढता पायरीवर बसली.

"जमलं का तिला?" मी विचारलं.

"जमलं."

"मग?"

"मग काय. जमलं." चप्पल काढता काढता ती म्हणाली, "आज मी एका पोरीले नुसतं बसायला शिकवलं." अस्वस्थ झाली की तिच्या बोलण्यात माहेरचं 'ले' यायचं. "तिच्याजवळ होतं ते काढून घेतलं मी. आता ते परत येईल का?"

त्या दिवसानंतर हा प्रश्न आमच्या घरात राहायलाच आला. मुलगी शिष्यवृत्तीत आली तेव्हाही बायकोनं पेढे वाटले आणि मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिनं मोठ्या मॅडमकडून शनिवारचा एक तास मागून घेतला. त्या तासाला दोन्ही तुकड्या एकत्र बसत, आणि ज्याचं आधी होईल त्यानं शेजारी वळायचं, एवढाच नियम. मॅडमनी परवानगी देताना म्हटलं होतं, परीक्षेत मात्र हे नको. बायकोनं मान डोलावली होती. आजारपणानं शाळा सुटेपर्यंत तिनं तो तास सोडला नाही. त्यानं शाळा बदलली असं मी म्हणणार नाही. तुकड्या अजून दोनच आहेत.

शेवटी शेवटी दवाखान्यात असतानाही तिनं एकदा विचारलं होतं, "ती पोरगी कशी आहे हो?"

"कॉलेजात आहे. चांगलं चाललंय म्हणतात."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली.

तर मागच्या रविवारी ती मुलगी आली. उंच झाली आहे, बोलणं शहरी झालं आहे. पुस्तकांतलं, कॉलेजातलं बोलत होती आणि मला 'सर' म्हणत होती. पुस्तकांचे आम्ही दोन ढीग केले, एक तिच्यापुढे, एक माझ्यापुढे. तिचे हात भराभर चालत होते. कागदाची घडी, कात्री, चिकटपट्टी. मी एक पुस्तक उघडून बायकोची एक खूण पाहत बसलो होतो, पुढे जाऊ शकत नव्हतो. खोलीत बराच वेळ फक्त कागदाचा आवाज होता. मग तोही थांबला.

मी वर पाहिलं नाही. ती काय करेल याची मला एवढी धास्ती वाटली की मी पानावरच नजर ठेवली. वाटलं, आता ती हात मांडीत घेऊन बसेल, किंवा फोन काढेल, किंवा म्हणेल, येते सर.

सतरंजी जराशी ओढली गेली. ती माझ्याकडे सरकली होती.

"माह्यं झालं, काका," ती म्हणाली, आणि माझ्या ढिगाच्या दुसऱ्या टोकाचं, अगदी खालचं पुस्तक उचलून त्याला कव्हर घालायला लागली.

माझा डावा हात सवयीनं ढिगाभोवती होता. मी तो काढून घेतला.