सभापतींचं नाक

आमच्या लातूर जिल्ह्याचं सार्वजनिक आरोग्य काही वर्षं एका माणसाच्या नाकावर चालत होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. वर मंत्रालय होतं, जिल्ह्याला आरोग्य अधिकारी होते, प्राथमिक केंद्रांत डॉक्टर होते, आणि या सगळ्यांच्या मागं फायली घेऊन धावणारा माझ्यासारखा विस्तार अधिकारीही होता. पण मुरुडपासून जळकोटपर्यंतच्या सरपंचांना यांपैकी कुणाचीच भीती वाटत नसे. त्यांना भीती वाटायची ती आरोग्य समितीच्या सभापतींच्या, म्हणजे चाचांच्या नाकाची. तसं ते दिसायला चारचौघांसारखंच होतं, फक्त गावात शिरताना जीपच्या खिडकीतून ते आधी बाहेर यायचं आणि बाकीचे चाचा मागाहून. जीप थांबेपर्यंत त्यांनी डाव्या हाताला नाली तुंबली आहे, पलीकडच्या वाड्यात कडबा भिजला आहे आणि पाण्याच्या टाकीत पावडर पडलेली नाही, एवढं सांगून टाकलेलं असायचं.

चाचांचा मूळ धंदा अत्तराचा. मुरुडच्या पेठेत त्यांच्या आजोबांनी टाकलेलं दुकान. खाली पांढरी गादी, मागं काचेच्या कुप्यांनी भरलेलं कपाट आणि मध्ये चाचा, डोक्यावर जाळीची टोपी अन् कानात कापसाचा फाया. सारं मुरुड त्यांना चाचा म्हणे, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. ते जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि समित्यांची वाटणी सुरू झाली, तेव्हा ज्याला त्याला बांधकाम हवं होतं. ते नाही तर शेती, तेही नाही तर निदान शिक्षण. आरोग्य म्हणजे पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेलं वरण. चाचांनी ते मागून घेतलं. हा माणूस भोळा आहे की यात काही खोल डाव आहे, यावर परिषदेसमोरच्या चहाच्या टपरीवर बरेच दिवस खल चालला. खरं कारण त्यांनी पहिल्याच दौऱ्यात मला सांगितलं. "ज्या गल्लीत नाली तुंबली, तिथं माझा गुलाब कोण घेईल साहेब? आधी नाली, मंग अत्तर." इतका स्वच्छ स्वार्थ मी सरकारी नोकरीत पुन्हा पाहिला नाही.

त्यांची सभा घ्यायची रीतही त्यांचीच. अमुक गावात घाण साचल्याची तक्रार आली की समितीची बैठक त्या घाणीच्या काठावरच भरायची. खुर्च्या, सतरंजी, पाण्याचा तांब्या, सगळं उकिरड्यालगत मांडलेलं. सदस्य रुमाल नाकाला लावून बसत आणि एरवी दुपार खाणारा विषय चहा यायच्या आत एकमतानं मंजूर होई. चाचा मात्र रुमाल लावत नसत. ग्रामपंचायतीत गेले की ते आधी हार घेत नसत, पाणी शुद्ध करायच्या पावडरीचं पोतं मागत. ही पावडर उघडी राहिली की तिचा जोर उडून जातो, आणि आमच्या सरपंचांना ती खताच्या पोत्याशेजारी तोंड उघडं टाकून ठेवायची भारी हौस. चाचा सरळ पोत्यात तोंड घालून दीर्घ श्वास घेत. डोळ्यांतून धारा, घशात ठसका, मग लागोपाठ शिंका, आणि शिंका ओसरल्या की समाधानानं म्हणत, "असली हाय." शिंक आलीच नाही तर सरपंचाचं काही खरं नसे. एका गावात त्यांनी पोतं तसंच सरकवून दिलं आणि शांतपणे सांगितलं, की ही पावडर न्हाई, रांगोळी हाय, दारात काढा. मी कितीदा विनवलं, की चाचा, निदान तोंडाला फडकं तरी बांधा. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, की तोंड बांधून अत्तर पारखणारा अजून जन्माला यायचाय.

त्यांना सभापती होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच भूकंप झाला. त्या पहाटेबद्दल लिहायला माझा हात अजून चालत नाही, तेव्हा ते सोडून पुढचं सांगतो. मागं राहिलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये आली, टँकरनं पाणी येऊ लागलं, आणि बाया ते पाणी ओतून देऊ लागल्या. घागरी घेऊन पडक्या गावातल्या जुन्या विहिरीकडं जाऊ लागल्या. त्या विहिरीत काय काय झिरपलं असेल ते आम्हाला ठाऊक होतं. एका संकटानं घरं नेली होती. आता पटकीनं उरलेली माणसं न्यायला नकोत, म्हणून डॉक्टरांनी समजावलं, मी जीपवर भोंगा लावून घसा फोडला. कुणी ऐकेना. शेवटी एका म्हातारीनं चाचांना कारण सांगितलं.

"ही पावडर आमच्या पडक्या घरावर मारली व्हती, बाबा. माझी सून अन् नात आत व्हती. त्योच वास ह्या पाण्याला हाय. कसं पिऊ?"

आमच्यापैकी कुणाला हे सुचलं नव्हतं. डॉक्टर खाली बघू लागले. चाचा तिच्यासमोर मातीत बसले, खिशातून एक इवलीशी कुपी काढली आणि तिचं बूच उघडलं.

"मावशी, ह्यो मोगरा. लग्नाला माझ्याच दुकानातून जातो अन् मय्यतीला बी माझ्याच दुकानातून जातो. तिथं लावला म्हणून इथं नासत न्हाई. वासाचा काय गुन्हा हाय? गेल्यांवर बी ह्योच घातला, अन् राहिल्यांना बी ह्योच राखणार."

मग तिच्याच घागरीतलं पाणी त्यांनी पेलाभर घेतलं आणि सगळ्यांसमक्ष सावकाश प्यायले. म्हातारीनं हात पुढं केला. चाचांनी तिच्या पंजाच्या पाठीवर मोगरा लावला. तिनं तो हुंगला, डोळे पुसले आणि पेला मागितला. तिच्या मागं दुसरी आली, तिसरी आली. त्या वस्तीत शेवटपर्यंत पटकीचा एकही रोगी झाला नाही. चाचा नंतर जीपच्या आडोशाला उभे राहून डोळे पुसत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, पावडर झोंबली.

तिथून ती रीत पडली. ज्या गावच्या पाण्याला पावडरीचा वास येईल, त्या गावच्या सरपंचाच्या हातावर चाचा भर चावडीत अत्तर लावत. सरपंच बाई असली तर अदबीनं कापसाचा फाया तळहातावर ठेवत. शासनाच्या किती योजना आल्या अन् गेल्या, ढाली झाल्या, प्रमाणपत्रं झाली. पण या थेंबभर अत्तरानं जे केलं ते कशानं झालं नाही. पंचायत समितीच्या बैठकीला सरपंच जमले की रामराम घालायच्या निमित्तानं एकमेकांचे हात हुंगत. ज्याच्या हाताला वास नाही तो हात खिशात घालून बसे. जळकोटकडच्या एका सरपंचानं शक्कल लढवली. पावडर टाकण्याऐवजी लातूरहून अत्तराची बाटलीच आणली आणि भरपूर चोपडून बैठकीला आला. चाचा व्यासपीठावर, हा शेवटच्या रांगेत. चाचांनी मान वर केली आणि म्हणाले, "मागं कुणी तरी माझ्या नावावर रॉकेल लावून आलंय." त्या आठवड्यात त्या गावाची टाकी दोनदा धुतली गेली.

पुढं सभापतिपद दुसऱ्याकडं गेलं, चाचा समितीचे साधे सदस्य राहिले. पण लोक त्यांनाच सभापती म्हणत आणि पावडर त्यांनाच भिऊन टाकत. तोवर लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. मुदखेडपासून, आणखी कुठून कुठून पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला यायची. शहर पुरेना, तेव्हा वेशीबाहेरच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत, काल तूर उभी होती तिथं आज तीन मजली वसतिगृह उभं राहू लागलं. एका खोलीत चार खाटा, खाटेवर पुस्तकं, पुस्तकांवर टॉवेल. गच्चीवर पाण्याची टाकी आणि टाकीला झाकण नाही. चाचांना त्या पोरांचं मोठं कौतुक, आणि तेवढाच संतापही. म्हणत, की डॉक्टर व्हायला निघालीत अन् हात धुवायला येळ न्हाई. नळाशी पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या पोराला ते आधी साबण दाखवत, मग त्याच्या गावचं नाव विचारत.

याच सुमाराला मला पहिली शंका आली. एकदा मुरुडच्या रस्त्याला म्हैस मरून पडली होती, चांगली फुगलेली. ड्रायव्हरनं नाक दाबलं, मी खिडकीची काच चढवली. आणि चाचा वांग्याच्या भाजीत कारळं किती घालावं हे सांगत होते, ते तसंच सांगत राहिले. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. नंतर लक्षात आलं, की दुकानातही चाचा हल्ली कुपी उघडली की आधी मुलीपुढं धरतात. ही त्यांची धाकटी. बापाच्या शेजारी बसून धंदा शिकलेली. ती नुसती मान हलवी आणि मग चाचा गिऱ्हाइकाशी बोलत.

उन्हाळा होता, परीक्षा तोंडावर आलेल्या. वेशीबाहेरच्या एका वस्तीत कावीळ निघाली, म्हणून आम्ही तिथल्या सगळ्या वसतिगृहांच्या टाक्या तपासायला निघालो. ऐन परीक्षेत पोर आडवं झालं तर त्याचं वर्ष जातं, आणि वर्षाबरोबर बापानं गाठीला बांधलेलं सगळंच जातं. एका वसतिगृहाच्या मालकानं आम्हाला वर नेलं, टाकीतून पेला भरून चाचांच्या हाती दिला. चाचांनी पेला नाकाशी नेला, नेहमीसारखे डोळे मिटले, मान डोलावली आणि मालकाच्या हातावर अत्तर लावलं. खाली पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आपला रिवाज म्हणून काचेच्या नळीत तेच पाणी घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब सोडले. पावडर असली की पाणी पिवळं होतं. ते पांढरंच राहिलं. मी पुन्हा घेतलं, पुन्हा पांढरं.

चाचांनी माझ्या हातातली नळी बघितली आणि मग माझं तोंड. तिथं गप्प राहणं सहज शक्य होतं. मी नळी ओतून दिली असती, संध्याकाळी माणूस पाठवून पावडर टाकून घेतली असती, आणि जिल्ह्यातलं ते नाव तसंच राहिलं असतं. त्यांच्या दुकानावरही त्याच नावाची पाटी होती. ज्याला वास येत नाही त्याच्याकडून अत्तर कोण घेणार? चाचांनी माझ्या हातून नळी घेतली आणि कठड्याशी जाऊन ती खालच्या पोरांना दिसेल अशी वर धरली.

"ह्या पाण्यात पावडर न्हाई. कुणी पिऊ नका," ते म्हणाले. "मला वास येत न्हाई. लई दिवस झाले. आजपासून माझ्या नाकावर इसवास ठेवायचा न्हाई, ह्या नळीवर ठेवायचा."

मालकानं हात धोतराला पुसला. अत्तर काही जाईना. चाचांनी टाकीचा नळ स्वतः बंद केला, ग्रामपंचायतीचा टँकर मागवला, टाकी उपसून घासून घेतली आणि नवं पाणी भरून त्यात पावडर पडेपर्यंत भर उन्हात गच्चीवर बसून राहिले. नळीत पिवळा रंग आल्यावर पहिला पेला त्यांनीच घेतला. पुढच्या बैठकीत हेच त्यांनी सगळ्या सदस्यांपुढं, सगळ्या सरपंचांपुढं उभं राहून पुन्हा सांगितलं, आणि नळी गावोगाव वापरायचा ठराव स्वतः मांडला. हसायला टपलेले दोघे-तिघे होतेच, तेही हसले नाहीत. मागच्या रांगेतून कुणी तरी उठून उभं राहिलं आणि मग सारी सभा उभी राहिली. उठणारा पहिला माणूस जळकोटकडचा तो रॉकेलवाला सरपंच होता. मी नोकरीत पुष्कळ साहेब पाहिले, सलाम ठोकले ते वेगळे. पण या माणसाच्या मागं मी फायली घेऊन हिंडलो, हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. त्या वस्तीतली पोरं परीक्षेला बसली. त्यांतली काही आज डॉक्टर आहेत. हात धुतात की नाही ते मला ठाऊक नाही.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी चाचांना तपासलं. वयानं गेलं असेल, पावडरीनं गेलं असेल, नक्की सांगता येत नाही, म्हणाले. चाचांनी पावडरीवर आळ येऊ दिला नाही.

परवा मुरुडला गेलो होतो. दुकान आता मुलगी बघते, नि बापाहून कडक बघते. चाचा गादीच्या टोकाला बसलेले, टोपी तीच, कानात फाया तोच. थकलेत. मुलीनं मला पाण्याचा पेला आणून दिला. मी तो तोंडाला लावणार तोच चाचांनी हात वर केला.

"आधी वास घ्या साहेब. येतो का?"

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी होतं. मी पेला नाकाशी नेला. पावडरीचा तो कडवट वास, ज्याला आम्ही सारी वर्षं नावं ठेवली, तो नीट येत होता. तसं मी त्यांना सांगितलं. चाचांचा चेहरा खुलला. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, कपाटातल्या जागेच्या अदमासानं एक कुपी काढली आणि मला म्हणाले, हात करा इकडं. मी हात पुढं केला. त्यांनी पंजाच्या पाठीवर बोट फिरवलं आणि मी हात नाकाशी नेला. मोगरा होता.

कसा आहे ते मी सांगावं, म्हणून चाचा माझ्या तोंडाकडं बघत बसले.