जित्या माणसाचा फोटो

आमच्या घरातल्या माणसांना एक गोष्ट सरळ करायला सांगा, करणार नाहीत. कसबा बावड्यात नवा फ्लॅट घेतला तेव्हा नवऱ्याला म्हटलं, हॉलच्या भिंतीला काहीतरी आणा. गणपती आणा, डोंगर-झाडं आणा. ह्या गृहस्थानं ऑनलाइन मागवलं काय, तर जुन्या काळच्या मोटरसायकल रेसचे काळे-पांढरे फोटो! काचेच्या चार फ्रेमा. प्रत्येकात एक गोरा, अंगात चामडी जाकीट, तोंडाला धूळ, गाडीवर पालथा पडल्यासारखा वाकलेला.

तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप. येणारा प्रत्येक जण चप्पल काढतो आणि आधी भिंतीपुढं हात जोडतो. काळा-पांढरा फोटो आणि त्यावर काच म्हटल्यावर आमच्याकडं दुसरा अर्थच निघत नाही. मग हळूच विचारतात, "कधी गेले?" दूधवाल्यानं विचारलं, शेजारणीनं विचारलं. आमचे कुणी नव्हेत हो हे, असं सांगून सांगून माझा घसा बसला.

त्यात घरात खराखुरा रेसर बसलेला. माझे सासरे. तरुणपणी टू-स्ट्रोक गाडीवर चिखलातल्या शर्यती मारलेला माणूस. त्यांचा एक फोटो आहे. वळणावर गाडी आडवी झालेली, एक पाय चिखलात, मागं दोरीपलीकडं गर्दी. त्या शर्यतीत ते पहिले आले होते. तो फोटो सासूबाईंच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली. सासऱ्यांना काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती जपा, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला, "दिसतंय तवर माझा फोटो भितीवर लावा. मला बघायचा हाय."

आणि सासूबाईंचं एकच उत्तर. "जित्या माणसाला फ्रेमीत घालायचं न्हाय. अभद्र असतंय."

मी म्हटलं, "अहो, मोबाईलमध्ये तुमचे दोघांचे ढीगभर फोटो आहेत. ते चालतात?"

"त्यास्नी हार घालता येत न्हाय," म्हणाल्या. आता ह्यावर काय कपाळ फोडून घेऊ! एकाची नजर चाललीय आणि दुसरी ट्रंकेच्या किल्लीला गाठ मारून बसलीय. नवरा म्हणजे तर बिनकामाचा. आईपुढं गेला की आईचं खरं, बापापुढं गेला की बापाचं खरं.

मग आला म्हाळ. पितरांना जेवू घालायचा दिवस. घरचं झालं थोडं म्हणून मलकापूरहून सासऱ्यांची थोरली बहीण आली. मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. बाहेर येऊन बघते तर आत्यांनी आजेसासऱ्यांच्या फोटोला हार घातलाच होता, वर चारी गोऱ्यांनाही झेंडूचे हार! काचेवर गंध, आणि खाली चार द्रोणांत खीर, प्रत्येकावर एकेक वडा.

"आत्या, अहो हे परदेशी आहेत!"

"असूद्यात की. मेल्यात न्हवं? आपल्या भितीवर हाईत म्हंजे आपलंच. त्यास्नी उपाशी ठिवायचं व्हय?"

मी हसावं की रडावं! पण सासरे उठले. भिंतीला हात लावत लावत फोटोंपाशी गेले, हार चाचपला, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की जिन्यातली माणसं दारात आली. "परक्या माणसाला माझ्या घरात हार! खीर! वडा! आनि मला ह्या भितीवर खिळ्याएवढी जागा न्हाय?" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. आयुष्यात कधी रडलेलं न बघितलेलं माणूस ते.

पंगत उठल्यावर सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि फोटो माझ्या हातात दिला. "मोठा करून आणा. त्यास्नी दिसाय पाहिजे. पर त्यो फ्रेमवाला कडा कापंल. कडंची ती बाई कापायची न्हाय. ह्यास्नी एकटं लावायचं न्हाय."

तेव्हा मी फोटो नीट बघितला. गर्दीत, अगदी कोपऱ्यात, एक कोवळी बाई दोन्ही हातांनी पदर डोळ्यांवर दाबून उभी होती.

मोठा केलेला फोटो आला, एक गोरा उतरवला, नवऱ्यानं खिळा ठोकला. सासऱ्यांनी काचेला नाक लावलं. गाडी बघितली, चिखल बघितला, आणि बोट सरकत सरकत कोपऱ्यात थांबलं.

"ही तू हाईस?"

"व्हय."

"डोळं झाकल्यात की गं. आनि येवढी वर्सं सांगतीयास, लई झ्याक मारलासा म्हणून!"

"मग काय सांगू? दर वळणाला पडायचासा. गर्दी वरडली तवा कळलं, जित्तं हाय माझं माणूस. मला तेवढंच पाहिजे हुतं."

सासरे काचेपासून हलले नाहीत. बराच वेळ त्यांचं बोट त्या पदरावरच होतं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आरं, अजून एक खिळा मार. पडाय नको."