अप्पांच्या गाडीत नसलेली फीचर्स

रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक कंबरदुखी आणि दुसरे किस्से. कंबरेला निदान मलम तरी मिळतं. किश्श्यांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. बीड ते तेलगाव आणि तेलगाव ते बीड असे आम्ही चौघं वर्षानुवर्षं एकाच गाडीतून जातो-येतो. गाडीत माणसं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता समोर बघून बोलतात, त्यामुळे घरी जे बोलत नाहीत तेही तिथे बोलून जातात!

गाडी अप्पांची. तेलगावात त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. त्यांच्या शेजारी पवार सर, माझ्याच शाळेत गणित शिकवतात. मागे मी आणि रफिकभाई, फळांचे व्यापारी. गाडी इतकी जुनी की काचा अजून हाताने फिरवायच्या, आणि सेंट्रल लॉक म्हणजे अप्पांनी "लावली का सगळ्यांनी दारं?" असं ओरडायचं.

आमचा कायमचा विषय एकच. नवीन गाडी घेतली तर तिच्यात काय काय पाहिजे? पवार सरांकडे गाडी नाही, स्कूटी आहे, पण बाजारातल्या प्रत्येक गाडीचा रिव्ह्यू त्यांनी फोनवर पाहिलेला. घेणारे अप्पा. ऐपत आहे, हौस तर त्याहून जास्त. पण चर्चा रंगात आली की अप्पा एका वाक्यात ती मिटवून टाकायचे, "गण्या आला की बघू. त्याच्याच पसंतीनं घ्यायची."

गण्या म्हणजे गणेश, त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात नोकरीला. तो दिवाळीला येणार होता, मग संक्रांतीला, मग पाडव्याला. त्याची वाट बघता बघता गाड्यांची मॉडेलं बदलली, अप्पांचा चष्म्याचा नंबर बदलला, पण ते वाक्य काही बदललं नाही.

*

सनरूफवर पवार सरांचा फार जीव. "मोकळं आभाळ, मॅडम! आयुष्यात एकदा तरी अनुभवावं."

रफिकभाई म्हणाले, "सर, आपल्या बीडच्या उन्हात लोकं सावलीला छप्पर हुडकत फिरतेत. तुमी असलेलं छप्पर कावून उघडायला निघालात?"

सरांनी ऐकलं नाही. हेडमास्तरांच्या जावयाने सनरूफवाली गाडी घेतली होती. सर हट्टाने तिच्यात बसले आणि वडवणीच्या पुढे छतातून कंबरेपर्यंत बाहेर निघून उभे राहिले. नेमकी पुढे उसाची ट्रॉली! ट्रॉलीतून पाचट उडत होतं आणि जावई काही ओव्हरटेक करेना.

सर शाळेत उतरले तेव्हा केसांत पाचट, कॉलरमध्ये पाचट, डोळे लालभडक. मी विचारलं, "काय सर, कसं वाटलं?"

तोंडातलं पाचट काढत सर म्हणाले, "व्हेंटिलेशन लई भारी हाय!"

*

सीटबेल्ट लावला नाही तर गाडी टिंग टिंग करते, हे फीचर रफिकभाईंना त्यांच्या मेव्हण्याच्या गाडीत भेटलं. सीताफळांचा सीझन होता. मागे क्रेट भरलेले, एक करंडी उरली ती पुढच्या सीटवर ठेवली. गाडीला वाटलं माणूस बसलाय. सुरू झालं टिंग टिंग! वैतागून रफिकभाईंनी करंडीलाच बेल्ट लावला. स्वतःच्या सीटचा बेल्ट मात्र आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पाठीमागून अडकवून ठेवलेला.

नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली, वाकून आत पाहिलं. "काय बे, सीताफळाला बेल्ट अन् माणसाला न्हाई?"

"साहेब," रफिकभाई अदबीने म्हणाले, "ते विकायचं हाय."

*

एकदा पवार सरांनी मागे वळून मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कधीच काही सांगत नाही. तुम्हाला गाडीत कोणतं फीचर पाहिजे?"

माझं लायसन्स कधीचं निघालेलं. ते काढायला मिस्टरांनीच हौसेने नेलं होतं. नंतर त्यांच्या हौसेला काय झालं कुणास ठाऊक, आमच्या घरच्या गाडीची किल्ली माझ्या हातात कधी आली नाही. मी म्हणाले, "मला ड्रायव्हरची सीट पाहिजे."

हे असं पटकन तोंडातून निघून गेलं. मलाच लाजल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वडवणी सोडल्यावर अप्पांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "या ताई, पुढं."

मी बसले. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा उड्या मारत निघाली. दोन्ही बाजूला कापूस, समोर मोकळा रस्ता, आणि स्टिअरिंग माझ्या हातात! काय सांगू, मला रडूच यायला लागलं होतं. तेवढ्यात मागून रफिकभाईंचा बारीक आवाज आला, "अप्पा, ह्या गाडीत एअरबॅगा किती हायत?"

"एक बी न्हाई."

"मग मॅडम, मी दुवा मागत बसतो. तुमी समोर बघा फक्त."

तेव्हापासून दर शनिवारी वडवणी ते तेलगाव गाडी मी चालवते. रफिकभाई अजून दुवा मागतात.

*

लिंबागणेशला आम्ही चौघं एकदा चतुर्थीला गेलो होतो. गणेशचं नावही तिथल्याच गणपतीवरून ठेवलेलं. देवळाबाहेर एक कोरी गाडी पूजेला आली होती. बाप शेजारच्या सीटवर, पोरगा ड्रायव्हिंगला, काचेवर स्वस्तिक. बोनेटवरून झेंडूचा एवढा मोठा हार सोडलेला की तो लोंबून पुढच्या सेन्सरवर आला. मग काय! गाडी चालू केली की पीं पीं पीं, समोर अडथळा आहे!

पोरगा हार काढायला निघाला तर बाप खेकसला, "हात लावू नको. घरी जाईपर्यंत हार काढायचा न्हाई." आणि ते बापलेक तसेच पीं पीं करत निघाले, एकमेकांवर डाफरत.

आम्ही पोट धरून हसत होतो. फक्त अप्पा हसले नाहीत. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते तिकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भांडायला तरी दोघं एका गाडीत हायत." मग आम्हालाही हसू येईना.

*

पुढे गणेशने पुण्यातच स्वतःसाठी गाडी घेतली. अप्पांना बातमी फोनवर कळली. मात्र त्याने एक केलं. गाडीचं ॲप अप्पांच्या फोनवर चालू करून दिलं, म्हणजे गाडी कुठे आहे ते बसल्याजागी नकाशावर दिसतं.

झालं! रोज सकाळी आम्हाला बातमीपत्र सुरू. "गण्या हापिसात पोचला." "आज गण्या लेट निघाला." "मागच्या डाव्या चाकात हवा कमी हाय, सांगायला पायजे." पोराची तब्येत कशी आहे हे माहीत नसायचं, पण त्याच्या चाकातली हवा अप्पांना तोंडपाठ!

एका शनिवारी सकाळची शाळा करून आम्ही परत निघालो होतो. गाडी अप्पाच चालवत होते. पवार सरांच्या हातात अप्पांचा फोन होता. सर ओरडले, "अप्पा, गणेशची गाडी नगरच्या पुढं आली! बीडच्या रस्त्याला लागलीय!"

अप्पांनी गाडी अशी पळवली की रफिकभाई दुवा मागायला लागले. "काही कळवलं न्हाई बघा पोरानं. सरप्राइज देतंय!" रफिकभाईंनी आपल्याजवळची आंब्यांची पेटी गणेशसाठी म्हणून अप्पांच्या सीटमागे सरकवली. अप्पांच्या घरी काकूंना फोन गेला. तिकडे पुरण शिजायला पडलं.

सर सांगत होते, "कडा गावाला आली... कड्यात थांबली."

"चहाला थांबला असंल," अप्पा म्हणाले.

आम्ही बीडला पोचलो तरी गाडी कड्यातच. दोन दिवसांनी, सोमवारी अप्पा गाडी घेऊन आले. वडवणी आल्यावर आपणहूनच म्हणाले, "कड्याला दोस्ताचं लगीन होतं त्याच्या. दुसऱ्या दिवशी कसली तरी मीटिंग होती म्हणं. तिथूनच माघारी गेला."

अप्पांनी गिअर बदलला. "कड्यापर्यंत तर आला की! निम्म्याच्या वर रस्ता झाला."

*

त्याच ॲपमध्ये एक बटण होतं. गर्दीच्या पार्किंगमध्ये गाडी सापडत नसेल तर ते दाबायचं, लांब उभी असलेली गाडी हॉर्न वाजवते. शाळा सुटल्यावर पवार सर आणि मी अप्पांच्या दुकानात बसलो होतो. अप्पा एका गिऱ्हाइकाला नकाशा दाखवत होते, त्यात बोट लागलं त्या बटणाला.

थोड्या वेळात अप्पांचा फोन वाजला. गणेश! दिवसाउजेडी! अप्पांनी घाईघाईत स्पीकरच चालू केला.

"अप्पा, काय दाबलं तुमी? खाली पार्किंगमध्ये गाडी बोंबलतीय! वॉचमन वर आलाय."

"दाबलं गेलं चुकून. जेवलास का?"

"अप्पा, चार वाजलेत!"

"मग दुपारचं जेवला असशील. काय होतं डब्याला?"

गिऱ्हाईक ताटकळलं. बापलेक बोलत राहिले. डब्यातली भाजी, काकूंचे गुडघे, पुण्यातला पाऊस, सगळं झालं. फोन ठेवल्यावर अप्पांचं तोंड असं उजळलेलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

पवार सर म्हणाले, "द्या अप्पा, ते बटण लपवून ठेवतो. परत लागायला नको."

"ऱ्हाऊ द्या सर, कावून लपवता?" अप्पांनी फोन खिशात घातला. "त्याचा आपणहून फोन आलाय, कितीक दिवसांनी."

त्यानंतर पुण्यात तो हॉर्न अधूनमधून वाजायला लागला. दर वेळी चुकून! दर वेळी गणेशचा फोन यायचा आणि दर वेळी अप्पा विचारायचे, "जेवलास का?"

मग सोसायटीतल्या लोकांनी तक्रार केली. एके दिवशी अप्पांनी ॲप उघडलं तर नकाशा नाही, गाडी नाही, बटण नाही. गणेशने ॲपमधून त्यांचा नंबर काढून टाकला होता. "बरोबरच हाय त्याचं," अप्पा म्हणाले. "लोकांना तरास कावून द्यायचा?" त्या दिवसापासून आमचं सकाळचं बातमीपत्र बंद झालं. मला त्याची इतकी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं. गाडीत नुसता इंजिनाचा आवाज.

*

आणि परवाची गोष्ट. संध्याकाळी बीडमध्ये शिरताना अप्पांनी गाडी थेट शोरूमसमोर उभी केली. "चला. गाडी बघू."

पवार सर गडबडले. "गणेश आलाय का?"

"त्याला सवड न्हाई. किती दिवस थांबायचं?"

आत टायवाल्या पोराने गाडीचं एकेक दार उघडून दाखवायला सुरुवात केली. सनरूफ, मागच्या सीटला एसी, सहा एअरबॅगा. रफिकभाई एअरबॅगा ऐकून माझ्याकडे बघायला लागले. पवार सर तर त्या पोरालाच त्याच्या गाडीची माहिती सांगत होते. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"हॉर्न वाजतो का हिचा?" त्यांनी विचारलं. "फोनवरनं?"

"वाजतो की काका!"

"पुण्यावरनं?"

"पुणे काय, दिल्लीवरून वाजेल! रेंज पाहिजे फक्त."

"मग हीच द्या."

पोरगं खूश झालं. त्याने हात पुढे केला. "द्या काका फोन. डेमो म्हणून तुमच्या फोनात ॲप टाकून दाखवतो."

अप्पांनी फोन खिशातून काढलाच नाही. "माझ्यात नको. पुण्याचा नंबर सांगतो, त्याच्या फोनात चालू करून द्या."

"पण काका, गाडी तर तुम्ही चालवणार ना?"

"मीच चालवणार," अप्पा म्हणाले. "अन् हॉर्न जरा मोठा बसवा. गाडी दुकानाच्या बाहेर उभी असती. मला आत ऐकू आला पायजे."