जुन्या मोबाईलमधले काका

आमच्या नणंदेच्या नातीला घरात सगळे पिपाणी म्हणायचे. तोंड मिटून बसली असं कधी झालंच नाही. म्हणून ती मोठी होऊन लोकांना बोलायला शिकवायचं शिकू लागली, तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, "म्हणजे आजवर फुकट बडबडायचीस, ते आता पदवी घेऊन!"

पदवी झाली, वरचं दोन वर्षांचं शिक्षण सुरू झालं, आणि हॉस्पिटलात तिच्या वाट्याला आले कंडक्टरकाका. जन्म सगळा बसमध्ये ओरडण्यात गेलेला. आवाज असा दणदणीत, की "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हटलं की मागच्या दारातली माणसं थेट पुढच्या दाराने खालीच उतरायची. त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव हवा असेल तर आवाजाची पेटी काढावी लागेल.

ऑपरेशनच्या आधी पेशंटचा आवाज यंत्रात भरून ठेवायचा, ही तिथली पद्धत. पिपाणीला शिकवणाऱ्या मोठ्या मॅडमनी वाचायला कागद दिला होता, पण काकांनी तो बाजूला सारला. बसमधलं बोलले, घरातलं बोलले. "अगं, चहा टाक, आलोच मी!" हेही बोलले, तशा शेजारी बसलेल्या काकू लाजल्या. पिपाणीला भरून आलं. तिने कुणाला न विचारता ते सगळं आपल्या जुन्या मोबाईलमध्ये घातलं आणि तो काकूंच्या हातात ठेवला. "आठवण म्हणून असू द्या," म्हणाली.

तिथेच चुकलं बघ.

ऑपरेशन झालं. आता काका मानेतल्या भोकातून श्वास घ्यायचे, त्यावर पांढरं फडकं. वारा गिळायचा, ढेकर काढायची आणि त्या ढेकरेत शब्द बसवायचे, असं त्यांनी शिकायचं होतं. पिपाणी आधी स्वतः शिकली. जेवताना ढेकरेत "पाट, टोपी, काका" म्हणायची. आई कपाळाला हात लावायची, "एवढं शिकवलं ते हे ऐकायला!" सुरुवात प आणि ट पासून, कारण ती अक्षरं म्हणताना वारा आपसूक आत जातो. पिपाणी ओठ घट्ट मिटून खूण करायची, की काका प म्हणायचे.

हॉस्पिटलातल्या छोट्या खोलीत, काचेपलीकडे मॅडम बघत असताना, काका चांगले बोलू लागले. खरखरीत, तुटक, पण शब्द कळायचे. घरी मात्र एक अक्षर नाही. मॅडम म्हणाल्या, "इथे बोलून काय उपयोग? ज्या घरात राहायचंय तिथे बोलले नाहीत, तर मुकेच राहतील कायमचे."

म्हणून एका दुपारी पिपाणी त्यांच्या घरी गेली. दार उघडंच होतं. चप्पल काढते न काढते तोच आतून आवाज, "अगं, चहा टाक, आलोच मी!"

काका तर समोर, खिडकीपाशी खाटेवर बसलेले. गळ्यावर फडकं, ओठ मिटलेले. आवाज स्वयंपाकघरातून येत होता, आणि काकू त्याला उत्तर देत होत्या, "टाकला हो! घाई किती ती!"

बाहेर येऊन त्यांनी एक कप काकांपुढे ठेवला, त्यांच्याकडे न बघता. दुसरा आत, ओट्यावर, मोबाईलजवळ.

"काकू, काका बोलतात आता. ऐका तरी."

"ऐकलं एकदा हॉस्पिटलात," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "कोण बोललं तेच कळेना मला, बाई. हे बसतात इथे पाहुण्यासारखे, बसू देत. माझं माणूस आत आहे."

काका बघत होते. रागाने नाही. मेलेल्या माणसाने आपलंच घर बघावं, तसे. पिपाणीने नुसते ओठ घट्ट मिटले, खुणेसारखे.

काकांनी ते पाहिलं. वारा गिळला.

"पु... ढे... सर... का."

काकूंनी वळून पाहिलं. आणि तेवढ्यात आतून तेच, भरदार, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" काकू मधे उंबऱ्यावर. एकदा आत बघायच्या, एकदा बाहेर. मग आत गेल्या. आवाज थांबला. बाहेर येऊन त्यांनी मोबाईल पिपाणीच्या पर्समध्ये कोंबला.

"घेऊन जा हा. माझ्याच्याने यातला आवाज पुसवणार नाही."

आणि खाटेवर काकांशेजारी बसल्या. पाठ करून, पण बसल्या.

पुसणं पिपाणीच्यानेही झालं नाही. आता ती मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला आहे. आवाज अजून भरते, पण कुणाच्या हाती देत नाही. तो मोबाईल कपाटात आहे, बंद. तरी कपाटाशी गेली की आता कुणीतरी चहा टाकायला सांगेल असं वाटतं, आणि ती पटकन दार लावून घेते.

काका तपासणीला येतात. काकूंशी थोडंफार भांडतातसुद्धा म्हणे. परवा काकू औषधं आणायला पुढे गेल्या, तेव्हा ते दारात रेंगाळले. वारा गिळला.

"पोरी... तो... ठीक?"

"ठीक आहे, काका," पिपाणी म्हणाली. "गप्प आहे."