दुखतेय कंबर, टोचतेय पोटरी!

राहत्या घराच्या हॉलमध्ये दवाखाना काढून बघा. पेशंट बरे होऊन जातात, नाहीतर कंटाळून जातात, पण किस्से मागे ठेवून जातात. माझ्याकडे तर ढीग साठलाय! नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ॲक्युपंक्चर शिकले आणि नाशिक रोडच्या आमच्या घरातच सुरुवात केली. येणारे बहुतेक कंबर नाहीतर पाय धरून यायचे. आणि मी सुई टोचायचे पोटरीत, गोळा संपतो तिथे. भांडणं तिथूनच सुरू!

* * *

एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमधले एक फिटर आले. कंबर वाकलेली, ताठा कायम.

"मॅडम, दुखतंय वर. तुम्ही खाली काय शोधताय?"

मी म्हटलं, "दिवा लावायला बटण बल्बवर दाबता का हो?"

पॉवर स्टेशनच्या माणसाला विजेचं शिकवलं म्हणून मी खूश! सुई लागली. पालथे पडल्या पडल्या ते म्हणाले, "आणि लोडशेडिंग असलं तर?"

* * *

त्यांना गुण आला. सगळ्यांनाच येतो असं मी कधी म्हटलं नाही. पाय बधिर पडला असेल, पाऊल उचलत नसेल, तर मी सुई बाहेरच काढत नाही, सरळ हॉस्पिटलला पाठवते. पण आमच्या सासऱ्यांना, अण्णांना, हे कोण सांगणार? हॉल त्यांचा, सोफा त्यांचा आणि मतही त्यांचंच!

"सुया टोचून कंबर बरी होते? मग शिंप्याची कशाला दुखली असती?" हे भर पेशंटांसमोर!

"अण्णा, शिंपी कापडाला टोचतो!" मी ओरडले.

* * *

इगतपुरीकडच्या एक मावशी यायच्या. चिखलात वाकून भाताची आवणी करून करून कंबर गेलेली. एकदा सुई लावून मी हात धुवायला आत गेले, तेवढ्यात त्यांना गाडीची वेळ आठवली. उठल्या आणि निघाल्या. सुई पोटरीतच!

मी मागे धावले. "मावशी, सुई! अहो, सुई!" सगळी कॉलनी गॅलरीत. कोपऱ्यावर त्यांना गाठून तिथेच खाली बसले आणि सुई काढली.

"ऱ्हाऊ द्यायची ना बाय," मावशी म्हणाल्या. "लय बरं वाटत व्हतं!"

* * *

परत आले तर अण्णा दारात. "आमची सून भर रस्त्यात पळते! रविवारी चार माणसं बोलावतो. हे दुकान बंद म्हणजे बंद."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला. "चार कशाला, आठ बोलवा! मी बंद करणार नाही."

आमचे हे म्हणाले, "तुमचं दोघांचंही बरोबर आहे." आणि भर दुपारी दूध आणायला निघून गेले.

* * *

रविवारी अण्णांचे तीन मित्र आणि मेहुणे येऊन बसले. "हा हॉल मी आयुष्यभर नोकरी करून बांधला," अण्णांनी सुरुवात केली आणि तावातावाने उठायला गेले. अर्ध्यात अडकले. कमरेपासून घोट्यापर्यंत कळ! दुखणं वर्षभर लपवत होते. मला दिसत होतं, पण विचारायची सोय होती का?

मी सुया घेऊन पुढे झाले. "पायजमा वर घ्या."

"चार माणसांत? सुनेपुढे?"

"तुम्ही बोला ना. मी कुठे अडवतेय?"

कळ जबरदस्त होती. अण्णा परत सोफ्यावर बसले, पायजमा वर गेला, सुई लागली. आणि अण्णा खरंच बोलत राहिले! पाय माझ्या हातात आणि तोंडाने, "थोतांड आहे सगळं! उद्यापासून बंद!" मीही हट्टी. मान खाली घालून माझं काम करत राहिले. पाहुणे एकदा पायाकडे बघत, एकदा तोंडाकडे.

शेवटी सुई काढली. अण्णा उठले. पाय टेकला. परत टेकला. हॉलभर एक चक्कर मारली.

मेहुण्यांनी घसा साफ केला. "मग अण्णा, बंद ना नक्की?"

अण्णांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"माझं बोलणं अजून संपलेलं नाही," ते म्हणाले. "उरलेलं उद्या, याच वेळेला!"