खर्जाचा खोका

वहिनीला वास आधी यायचा आणि माणूस नंतर दिसायचा. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात अर्धं आयुष्य गेलं तरी तिचं नाक मेलं नव्हतं, उलट धंद्याने त्याला धार लावली होती. गाडी दारात उभी राहिली की कव्हर उसवायच्या आधीच ती सांगायची, या घरात कुत्रं आहे, किंवा या गाडीत पोर सारखं ओकतं. कव्हर उसवलं की आतून काय निघेल त्याचा नेम नसायचा: कापलेली नखं, केसांचे पुंजके, चघळून चिकटवलेला चुइंगम, एकदा तर कुणाची तरी अर्धी कवळी. आणि गाडी बाहेरून आरशासारखी पुसलेली. माणसाची जातच अशी, असं तिचं ठाम मत होतं. दर्शनी भागाला पॉलिश आणि शिवणीत घाण.

वहिनी हे काही तिचं नाव नव्हे, आणि ती वहिनी होती ती एकाच माणसाची. तिचा धाकटा दीर एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळा ऑर्केस्ट्रा म्हणायला लागला, त्यात तिच्या बापाच्या वयाचा गायकही आला. ऑर्केस्ट्रातला आधीचा बेस गिटारवाला एक दिवस न सांगता निघून गेला आणि त्याची गिटार दिराकडेच राहिली. कपाटामागे ती धूळ खात उभी. वहिनीने ती पुसायला म्हणून काढली आणि पुसता पुसता सगळ्यात जाड तारेवरून फडकं ओढलं गेलं. त्या तारेचा हुंकार तिला कानात नाही, फासळ्यांत ऐकू आला. आयुष्यात ज्याला वास नाही अशी ही पहिलीच गोष्ट, असं तिला वाटलं असावं. ती शिकली. कुणाकडून शिकली म्हणाल तर दिराकडून थोडं आणि हट्टाने बाकीचं. जागाही मिळाली, कारण बेस, म्हणजे खालचा खर्ज, वाजवायला कुणी तयार नसतं. समारंभाच्या हॉलात लोक गायिकेकडे बघतात, कीबोर्डवाल्याकडे बघतात, फार तर ड्रमवाल्याकडे. बेसवाली वाजवते आहे हे ती थांबल्याशिवाय कळत नाही.

नवीन सामान घेण्याची ऐपत नव्हती. मग राहिलं काय, तर लोकांनी टाकलेलं. आवाज मोठा करणारा ॲम्प मिळाला एका बंद पडलेल्या सभागृहाच्या अडगळीतून. त्याचं झाकण उघडलं तर आत झुरळांची अख्खी वसाहत. तिने ती ब्रशने झाडली, पण कोपऱ्याकोपऱ्यात अंडी राहिलीच असणार, कारण पुढचे कित्येक दिवस ॲम्प तापला की खोलीभर असा काही करपट वास पसरायचा की नवरा ताट घेऊन बाहेर जाऊन बसायचा. नवरा बेकरीत भट्टीवर होता, करपल्याची त्याला सवय होती. तरी तो उठायचा, यावरून काय ते समजा.

तारांची गंमत तर सगळ्यांना तोंडपाठ होती. बेसच्या तारा जाड, महाग आणि लवकर मेणचट होणाऱ्या. बोटांचा घाम आणि मळ त्यांच्या वेढ्यांत बसतो आणि आवाज ओल्या दोरीसारखा होतो. नव्या परवडत नसतील त्यांनी जुन्या उकळाव्यात, हा वाजवणाऱ्यांचा घरगुती उपाय. वहिनीने कुणा वाजवणाऱ्याच्या टाकून दिलेल्या तारा आणल्या आणि पातेल्यात पाणी ठेवून सोडल्या आत. पाण्यावर करडा, तेलकट तवंग आला. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि झाकण उचलून बघत राहिल्या.

“हे काय शिजतंय?”

“तारा.”

“कुणाच्या?”

कुणाच्या ते तिलाही माहीत नव्हतं. कुणा अनोळखी पुरुषाच्या बोटांचा वर्षानुवर्षांचा मळ आपल्या शेगडीवर रटरटतोय, हे तोवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पातेलं त्याच दिवशी घराबाहेर गेलं. सासूबाई पुढे आल्यागेल्याला सांगायच्या, आमच्याकडे सून गिटारीचा रस्सा करते.

पण तारा वाजू लागल्या, तेव्हा वहिनीने मोठं काम काढलं: स्वतःचा स्पीकरचा खोका. प्लायवूड मिळालं एका टाकलेल्या कपाटाचं. त्याला डांबरगोळ्या आणि शिळ्या अत्तराचा असा काही वास होता की करवत चालवताना तिने तोंडाला फडकं बांधलं. वरून रेक्झिन चढवलं, आणि ते मात्र असं चढवलं की कोपऱ्याला सुरकुती शोधून सापडू नये. आत लावायला दोन मोठे स्पीकर. एक रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे धूळ खात पडलेला, त्यातल्या त्यात बरा. दुसरा बंद झालेल्या नाचघरातला. तो हातात घेतला आणि ती शहारली. कडेला सांडलेल्या गोड दारूची पुटं, जाळीत सिगारेटची राख, मागच्या बाजूला काहीतरी पिवळट, चिकट, ज्याचं नाव तिने घेतलं नाही. रॉकेलात फडकं बुडवून तिने तो असा काही घासला की कागदी पडदा सोडून बाकी सगळा लोखंडासारखा चमकायला लागला. मग दोन्ही जोडले, जाळी ठोकली, आणि नवऱ्याने व दिराने खोका उचलून तालमीच्या खोलीवर नेला. ही खोली म्हणजे फरशांच्या दुकानाचा वरचा मजला. जिना अरुंद, खोका जड, दोघांनी वाटेत एकमेकांचे जुने हिशेब काढले.

खोका वाजला, पण त्याला बूडच नव्हतं.

वरचे सूर येत होते, कडकड, टकटक, पण खाली जे हवं, जमिनीतून पायात चढणारं, त्याचा पत्ता नाही. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. ऑर्केस्ट्राचा म्होरक्या होता कीबोर्डवाला, त्याला सगळे मास्तर म्हणत. तो गालातल्या गालात हसला. मास्तरबद्दल एक सांगायचं म्हणजे गाणी चालू असताना तो मधल्या बोटाने दाढेतलं काहीतरी कोरून काढायचा आणि तेच बोट पट्टीवर ठेवायचा. त्या कीबोर्डला हात लागायची पाळी आली तर वहिनी कोपराने ढकलायची.

मग सुरू झाल्या वहिनीच्या खटपटी. गिटारवरचा, तारांचा कंप टिपणारा लोहचुंबकाचा पिकअप तिने तारांच्या जवळ आणला, मग लांब नेला, मग कागदाच्या घड्या घालून तिरका केला. खोक्यात आणखी फोम कोंबला, नंतर सगळा उपसला. पाठीला भोक पाडलं, आवडलं नाही म्हणून बुजवलं. वायर बदलली, जॅक बदलला. काही फरक नाही. मग तिने दोष वाटायला सुरुवात केली. खोलीचं छत पत्र्याचं. दिराचा मोठा ड्रम सैल, त्याच्या ढपढपाटात माझा सूर बुडतो. मास्तरचे कान मेलेले. दिराने ड्रम ताणून घेतला, छताबद्दल कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि मास्तरने शांतपणे सांगितलं की पुढच्या आठवड्यात मोठ्या हॉलात कार्यक्रम आहे, तिथे हा डबा चालायचा नाही. त्याचा मेहुणा बेस वाजवतो, त्याच्याकडे कंपनीचं कोरं सामान आहे. शनिवारच्या तालमीत आवाज सुधारला तर ठीक, नाहीतर मेहुणा बसेल. आणि एकदा बसला की मग, वहिनी, तुम्हीच समजून घ्या.

वहिनीने दिराकडे बघितलं. दीर झांजेचा स्क्रू आवळत होता. तो आधीच घट्ट होता.

तिला मास्तरची किळस होतीच, त्या दिवशी दिराचीही आली. घरी तिने त्याला वाढलं आणि ताट असं सरकवलं की वाटी सांडता सांडता राहिली. नंतर नवऱ्याने एवढंच विचारलं, की सोडून दिलंस तर काय बिघडेल? ती म्हणाली, काही नाही बिघडणार, दिवसभर लोकांच्या बुडाखालची घाण उपसायची आणि घरी येऊन झोपायचं, बिघडण्यासारखं त्यात आहे काय? नवऱ्याने पुन्हा तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने बेकरीच्या गाडीतून ॲम्प आणि गिटारसकट खोका तिच्या कारखान्यात आणून टाकला, आणि मालकाने काही म्हणायच्या आत निघून गेला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने जाळी काढली. स्वच्छ घासलेला तो नाचघरातला स्पीकर थोडा थरथरतो असा तिला संशय होता, म्हणून त्याची वायर सोडवून तिने फक्त दुसरा वाजवून पाहिला. जाड तार छेडली, आणि शिवणयंत्रावरची कात्री सरकत सरकत जमिनीवर पडली.

दोन स्पीकरांनी जे होत नव्हतं ते एकाने केलं होतं. तिने नाचघरवाला पुन्हा जोडला: खर्ज गायब. काढला: खर्ज हजर. आता असं कशाने होतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणूनच तिचा हात थेट टॉर्चकडे गेला. टॉर्चमधला सेल काढून तिने त्याला दोन वायरी लावल्या आणि एकेका स्पीकरच्या टोकांना, खोक्यात जोडले होते त्याच क्रमाने, क्षणभर टेकवल्या. पहिल्याचा पडदा टपकन पुढे आला. दुसऱ्याचा मागे गेला.

म्हणजे एक हवा ढकलत होता तेव्हा दुसरा तीच हवा ओढून घेत होता. वरचे बारीक सूर कसेबसे निसटायचे, पण खालचा सगळा खर्ज दोघांत आपसातच जिरायचा, बाहेर पोचायचाच नाही. प्रत्येक स्पीकरच्या एका टोकाजवळ लाल ठिपका असतो, तो बघून जोडायचं असतं. नाचघरवाल्यावरही असणारच. तो गेला कुठे? तिला ते फडकं आठवलं. रॉकेलात बुडवलेलं, पिवळं, चिकट, आणि त्यावर एक लालसर डाग, जो सांडलेल्या दारूचा समजून तिने तेव्हा फडकंच नाक मुरडत फेकून दिलं होतं. घाणीबरोबर खूणही पुसली होती तिने, आणि मग दोन्ही टोकं सारखी दिसली तेव्हा अंदाजाने जोडून मोकळी झाली होती.

इतके दिवस तिने सगळ्या जगाकडे बघून नाक वाकडं केलं होतं, आता ते वाकडं करायला समोर दुसरं कुणी नव्हतं. दिराचा ड्रम! बिचाऱ्याने तो ताणून ताणून कातडं फाटायची वेळ आणली होती. तिला स्वतःची अशी काही शिसारी आली की जेवणाचा डबा उघडावासा वाटला नाही. वायरींची अदलाबदल करायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि याचा तर जास्तच संताप आला.

संध्याकाळी तिने दिराला कारखान्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं, ड्रमसकट. तो खोका उचलता उचलता म्हणाला, “म्हणजे सैल मी नव्हतो.”

“नव्हतात. पण मास्तरसमोर तोंड उघडायला तुम्हाला कुणी मनाई केली नव्हती, भाऊजी.”

तालमीच्या खोलीचा जिना चढेपर्यंत दोघांनी नुसता दम टाकला.

शनिवारी तालमीत तिने पहिला सूर वाजवला आणि खालच्या दुकानातल्या फरशा खणखणल्या. गायिकेने पायातल्या चपला काढल्या, जमीन गुदगुल्या करते म्हणाली. मास्तरने बोट दाढेतून काढलं.

“आता कसं! वहिनी, मानलं तुम्हाला. असं करू, कार्यक्रमाला हाच खोका ठेवू. मेहुणा याच्यावरच वाजवेल, त्याच्या सामानाला एवढा दम नाही.”

खोलीत सगळे एकदम कामाला लागले, म्हणजे कुणी वायर गुंडाळू लागला, कुणी बटणं पुसू लागला. वहिनीने सांगितलं की खोका तिचा, तारा तिच्या आणि बोटंही तिचीच, यातलं एक हवं असेल तर तिन्ही घ्यावी लागतील. आवाज सुधारला तर ठीक हे तुमचेच शब्द, मेहुण्याला फोन करा, आत्ता, माझ्यासमोर.

मास्तरने एकदा खोक्याकडे पाहिलं. मग फोन लावला, आणि पाठ फिरवण्याचीही तसदी न घेता बोलू लागला. “अरे, काय सांगू तुला, वहिनी रडायलाच लागल्या. पाया पडल्या रे. बाईमाणूस, मला नाही बघवलं. पुढच्या वेळी तूच, शब्द देतो.” फोन खिशात टाकून त्याने वहिनीला डोळा मारला, जणू दोघांनी मिळून काही साधलं होतं.

जागा मिळाली होती. हीच तर हवी होती. मास्तरने चार मोजले, गाणं सुरू झालं, आणि ती वाजवत राहिली, कारण बोटांना काही कळत नसतं. गाणं उत्तम झालं, हे आणखी वाईट. गायिका मागे वळून हसली. जमीन दणदणत होती, आणि त्या दणदणाटावर ती रडलेली, पाया पडलेली बाई उभी होती, जी उद्या मेहुण्याच्या तोंडून हॉलभर फिरणार होती.

“पुन्हा फोन लावा,” गाणं संपल्यावर ती म्हणाली.

“आता कशाला?”

“मी रडले नाही ते सांगा.”

मास्तर हसला, काय वहिनी तुम्ही पण म्हणाला, आणि त्याने दुसऱ्या गाण्याचे चार मोजले. वहिनीने गिटारच्या वायरची पिन उपसली. खोक्याने एक ढेकर दिला आणि गप्प झाला. गाणं चालू झालं खरं, पण पायाखालून जाजम ओढून घ्यावं तसं झालं त्याचं. कीबोर्ड किणकिणत राहिला, गायिका एका ओळीनंतर अडखळली. मास्तर जोरात वाजवू लागला. दिराने दोन ठोके दिले, मग काड्या मांडीवर ठेवल्या आणि हाताची घडी घातली. बोलला आजही नाही, पण त्याने वर मान करून मास्तरकडे पाहिलं, आणि तसाच पाहत राहिला.

एकटा कीबोर्ड थोडा वेळ चालला आणि थांबला. खाली दुकानात कुणीतरी शटर ओढत होतं. मास्तरने खिशातून फोन काढला, त्यावर बोट फिरवलं, आणि या वेळी पाठ फिरवली.

“हॅलो,” तो पुटपुटला, “अरे, ते मघाशी मी वहिनींचं जे म्हणालो...”

“मोठ्याने,” वहिनी म्हणाली. “आणि इकडे तोंड करून.”