करंगळीने उघडणारा डबा

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मुलगी पहिलीत होती. तिला डब्यात आमटी-भातच लागायचा आणि आमटी रोज दप्तरात सांडायची. पण तेवढ्यासाठी सुकी भाजी द्यायला मी तयार नव्हते. आमचे हे नाशिकहून ओझरला विमानाच्या कारखान्यात जायचे. मी म्हटलं, विमानं जोडता ना, मग एक झाकण जमवा.

त्यांनी झाकणाला आतून रबर बसवलं, बाजूंना क्लिपा लावल्या. डबा उलटा केला तरी थेंब पडेना. दुसऱ्या दिवशी पोरगी उपाशी परतली. झाकण तिलाही उघडता आलं नव्हतं आणि तिच्या बाईंनाही. हे मात्र खूश. "बघ, सांडली नाही."

मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. "आता नुसत्या करंगळीने उघडा. लेकीचा अंगठा तेवढाच आहे. उघडला की पान वाढते."

आठवडाभर ते रबर तासत राहिले आणि मी करंगळीवर अडून राहिले. अखेर झाकण निघालं.

दुसऱ्या दिवशी दप्तर कोरडं आलं, डबा रिकामा आला. आमटी होती ती फक्त फ्रॉकवर. मी फ्रॉक भिजत घातला आणि दुसऱ्या दिवशीही आमटीच दिली.